फाल्गुनातलं दीव, गळ आणि पंचांग

बडोद्यात मासे खाणारी मराठी घरं भरपूर, मासे धरणारी जवळजवळ नाहीत. गायकवाडांच्या चाकरीनिमित्त इथे आलेल्या आमच्यासारख्या सीकेपी घरांत अजून सोड्यांची खिचडी होते, पण ते सोडे कोणीतरी मुंबईहून येताना आणलेले असतात. समुद्र बघायला आम्ही दीव बेटावर जातो. बडोद्याची माणसं दीवला आणखी कशासाठी जातात, हे दारूबंदीच्या गुजरातेत राहणाऱ्याला सांगायला नको. मी मात्र काही वर्षांपासून होळीच्या आगेमागे तिथे गळ टाकायला जातो. कधी डबा भरून परततो, कधी हात हलवत. असं का, हे दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर इतक्या वेळा विचारून झालंय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं. त्यासाठी सुरुवात मात्र चंद्रापासून करावी लागते.

पहिल्या खेपेला मी दीवच्या धक्क्यावर सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत बसून होतो. गळाला लावलेली कोळंबी दर वेळी होती तशी वर यायची, फक्त पांढरी पडलेली. शेजारी एक म्हातारा खारवा, म्हणजे तिथला मच्छीमार, जाळं सांधत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाणी ऊभुं छे, भाई. हमणां कंई नहीं मळे." पाणी उभं आहे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, सगळं गणित त्या एका वाक्यात होतं.

बहुतेक शिकारी मासे खाण्याच्या मागे उगाच धावत नाहीत. वाहत्या पाण्यात एखाद्या दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभे राहतात आणि पाणी वाहवत आणेल ते टिपतात. कोळंबी, बारकी बोय, माकुलाची पिल्लं यांना प्रवाहाविरुद्ध जोर नसतो. ती ढकलली जातात आणि मोठ्याच्या तोंडाशी येतात. पाणी थांबलं की हे वाढपही थांबतं. म्हणजे कुठे मासा मिळेल यापेक्षा पाणी कधी चालू असेल हा प्रश्न आधीचा. आणि समुद्राचं पाणी चालतं ते भरती-ओहोटीने.

बडोदेकराला भरती समजून घ्यायला दीवपर्यंत जायची गरज नाही. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, जंबुसर तालुक्यात, कावी-कंबोई आहे. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा समुद्रात बुडतं आणि दोनदा बाहेर येतं. आपण बरेच जण तिथे जाऊन आलोय, पिंडीला हात लावून, मग काठावर उभं राहून पाणी चढताना बघितलंय. लाट येते असं नाही. चिखलावरून पाण्याची एक पातळ चादर सरकत येते, ओघळीओघळींतून आत शिरते, आणि बघता बघता सभोवार पाणी होतं. मग नुसता कळस.

हे पाणी चंद्र ओढतो, इतपत शाळेत शिकलेलं असतं. पण मग दिवसातून दोन भरत्या का? चंद्र तर एकच. गंमत अशी की चंद्राची ओढ पृथ्वीच्या सगळ्या भागांना सारखी बसत नाही. चंद्रासमोरच्या पाण्याला ती पृथ्वीच्या मध्यापेक्षा जरा जास्त बसते, म्हणून तिथलं पाणी पुढे फुगतं. पलीकडच्या बाजूच्या पाण्याला मध्यापेक्षा कमी बसते, म्हणून ते मागे रेंगाळतं, आणि तिथेही फुगवटा दिसतो. असे दोन फुगवटे, आणि त्यांच्याखालून फिरणारी पृथ्वी. पृथ्वीची एक फेरी होईस्तोवर चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दोन भरत्यांमधलं अंतर १२ तास नाही, १२ तास २५ मिनिटं पडतं. आजची सकाळची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा.

सूर्यही ओढतोच. त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, साधारण ४६ टक्के. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात, एकमेकांना मारक, तेव्हा भांगाची भरती. उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं, म्हणजे जोरात पळतं. भांगात थोडंसं चढतं, थोडंसं उतरतं, आळसावल्यासारखं. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या ऐन दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. पाण्याला वळायला वेळ लागतो.

कोकणातल्या माणसाकडे यासाठी जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पंधरा तिथ्या झाल्या की पुन्हा एकपासून. अर्ध्यापाऊण तासाची चूक धरायची, पण पंचांगावरून समुद्राचं घड्याळ लावणारा इतका सोपा गुणाकार मला दुसरा माहीत नाही. मात्र हा मुंबई-कोकणचा हिशोब. दीवला, भावनगरला तो तसाच चालवायला गेलात तर फसाल, कारण भरती किनाऱ्याला सगळीकडे एकाच वेळी लागत नाही. आखाताच्या तोंडाशी आलेलं पाणी भावनगरला पोचायलाच काही तास घेतं. दीवसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्ते बघावेत. तिथीवरून उधाण की भांग एवढं मात्र कुठेही बसून सांगता येतं.

आता कावी-कंबोईचं देऊळ बुडतं आणि चौपाटीवरचं भेळेचं दुकान बुडत नाही, याचं कारण खंभातच्या आखाताचा आकार. हे आखात म्हणजे नरसाळं. तोंड रुंद, आत निमुळतं, तळ उथळ. बाहेरून आलेलं पाणी आत शिरताना दोन्ही बाजूंनी आणि खालून दाबलं जातं, त्याला जायला एकच दिशा उरते, वर. शिवाय पाण्याने भरलेली परात घेऊन चालताना एका ठरावीक चालीला पाणी डुचमळून काठावरून सांडतं, तसंच इथे होतं. आखाताच्या पाण्याची स्वतःची डुचमळण्याची लय भरतीच्या लयीच्या जवळ येते आणि उंची वाढत जाते. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. भावनगरजवळ हाच आकडा १० मीटरच्या वर जातो, म्हणजे तीन मजले.

ही गोष्ट आजची नाही. इसवीसनाच्या पहिल्या शतकात भडोचला आलेल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने या आखाताचं वर्णन करून ठेवलंय: ओहोटीत समुद्राचा तळ उघडा पडतो, आणि भरती आली की नदीत पाणी उलटं, गर्जत शिरतं. परक्या जहाजांना वाट दाखवायला तिथल्या राजाने स्थानिक कोळी नेमले होते, ते मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जायचे आणि जहाजं भरतीच्या वेळा साधून आत आणायचे. दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा इथे पाण्याचं ज्ञान विकत घ्यावं लागत होतं. आज दीवला मोटारीने जाताना वाटेत अलंग लागतं, तिथेही तेच. मोडीत निघालेली अजस्र जहाजं उधाणाच्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. पाणी उतरलं की जहाज कोरड्यावर. क्रेन नाही, गोदी नाही, सगळं काम तिथीचं.

दीव या नरसाळ्याच्या बाहेर आहे, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला. त्यामुळे तिथला चढउतार भावनगरच्या फार तर पाव हिस्सा. पण पाणी कमी चढलं तरी त्याला एक वेगळी अडचण आहे: वाटेत बेट आहे.

बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आलेला असताना काळा घोड्याच्या पुलावरून कधी खाली बघितलंत? पाणी खांबाला आपटतं, दोन बाजूंना फाटतं, खांबाच्या लगेच मागे एक गोल भोवरा फिरत राहतो. त्या भोवऱ्यात फांद्या, थर्माकोल, गणपतीचे हार, सगळं अडकून गोलगोल फिरतं. आपल्या मगरीही असल्या शांत कडेलाच लागतात. दीव म्हणजे समुद्रात आडवा पडलेला असाच एक लांबट खांब. भरतीची धार येते, टोकांना फाटते. ऐन टोकाशी पाणी वेगात, टोकाच्या मागे भोवरा, आणि वेगवान व शांत पाण्याच्या सीमेवर फेसाची एक वेडीवाकडी रेघ. दीवच्या किल्ल्याच्या तटावरून ती रेघ दुपारच्या उन्हात स्वच्छ दिसते. बारकी मासळी त्या रेघेत अडकते, मोठी त्या रेघेच्या शांत बाजूला थांबते. गळ टाकायचा तो रेघेपलीकडे, आणि धारेनेच त्याला रेघेवरून खेचत न्यायचं. पोर्तुगिजांनी १५३५ मध्ये किल्ला नेमका या टोकावर बांधला तो मासळीसाठी नाही हे कबूल, पण येणारंजाणारं सगळं याच कोपऱ्यावरून जातं हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

बेटाची उत्तर बाजू अगदी निराळी. तिकडे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खाडी आहे, चिखलवट, उथळ. भरतीत ती भरते, कोळंबी आणि बोयींची पिल्लं चिखलावर चरायला आत पसरतात. ओहोटी लागली की हे सगळं पाण्याबरोबर परत खाडीच्या मुखाकडे ओढलं जातं. शाळा सुटते तेव्हा फाटकाशी बोरं-चिंचावाल्या बाया बसलेल्या असायच्या, तसे मुखाशी मोठे मासे बसलेले असतात. म्हणून दक्षिणेच्या खडकांवर चढतं पाणी चांगलं, खाडीच्या मुखाशी उतरतं. चढत्या पाण्यात खडकातल्या कपारी भरतात, तिथले खेकडे-किडे सुटे होतात आणि हेकरूसारखा कपारीत राहणारा मासा खायला तोंड बाहेर काढतो. फुदमच्या गंगेश्वराच्या पाच पिंडींवर लाटा यायला लागल्या, की समजायचं दक्षिणेचं पाणी बऱ्यापैकी चढलंय. माझं तरी ते घड्याळ आहे.

सहा तासांच्या चढतीतही पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत वाटला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. टोकांना पाणी जवळजवळ उभं असतं, मध्ये धावतं. माझे ते पहिल्या दिवशीचे अडीच तास भांगातले, आणि पाणी थांबत आलेलं असतानाचे होते. त्याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. उधाणाचे मधले दोन तासही किनाऱ्यावरच्या गळासाठी बेकार, कारण शिसं तळाला टिकत नाही, दोरी वाहत जाऊन खडकात अडकते. मला सगळ्यात जमतं ते तृतीयेपासून पंचमी-षष्ठीपर्यंत, पाणी हलायला लागल्यावरच्या दुसऱ्या तासात, आणि तो तास उजाडताना किंवा मावळताना आला तर सोन्याहून पिवळं.

पण मग फाल्गुनच का? हे गणित बाराही महिने सारखंच नाही का?

सारखं नाही, दोन कारणांनी. एक आकाशातलं. २०-२१ मार्चच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो, आणि त्या काळातल्या अमावास्या-पौर्णिमेला चंद्रही त्याच्या जवळपास. दोघं नेमके बरोबरीने ओढतात. होळीची पौर्णिमा किंवा पाडव्याआधीची अमावास्या, यातलं एक तरी उधाण या दिवसांच्या आठवड्याभरात येतं. या काळात दिवसाची आणि रात्रीची भरती जवळजवळ सारख्या उंचीच्या होतात आणि ओहोटीही चांगली खोल जाते. एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. मी ते दिवस मासे धरायला वापरत नाही, खडक बघून ठेवायला वापरतो. कुठे कपार आहे, कुठे वाळूचा पट्टा आहे, फोन काढून फोटो घ्यायचे. पाणी चढल्यावर तोच नकाशा.

दुसरं कारण पाण्यातलं, आणि ते जास्त रंजक आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून, जमिनीवरून कोरडा थंड वारा अरबी समुद्राच्या उत्तर भागावर वाहतो. वरचं पाणी गार होतं, बाष्पीभवनाने खारट होतं, म्हणजे जड होतं आणि खाली बसतं. त्याच्या जागी खालचं पाणी वर येतं. खालच्या पाण्यात खत असतं, नायट्रेट वगैरे, तळाकडे बुडालेल्या सगळ्या मेलेल्या जिवांचं. माघ-फाल्गुनात आभाळ निरभ्र, ऊन वाढतंय, आणि पाण्यात खत पसरलेलं. शेतकऱ्याला पुढचं सांगायला नको. सूक्ष्म वनस्पतींचं पीक येतं. त्यावर सूक्ष्म प्राणी, त्यावर तारलीसारखे मासे, त्यावर त्याहून मोठे. आपल्याकडे समुद्र म्हटलं की पावसाळ्यानंतरचा हंगाम आठवतो, पण उत्तर अरबी समुद्राला हे दुसरं, थंडीनंतरचं पीक आहे.

या पिकाचा सगळ्यात थोर गिऱ्हाईक म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, देवमुशी. तोंड एवढं मोठं, पण खातो गाळून, सूक्ष्म जीव आणि बारकी मासळी. वेरावळ ते दीवच्या बाहेरच्या पाण्यात तो येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जास्त दिसतो. इथले खारवे त्याला पूर्वी 'बॅरल' म्हणायचे, कारण त्याला मारताना आकड्याला पिंपं बांधत, म्हणजे तो बुडी मारू शकत नसे. यकृताच्या तेलाने होड्यांची लाकडं माखायची, मांस परदेशात. २००१ साली वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या यादीत घातलं, पण कायद्याने जाळी सुटत नाहीत. २००४ मध्ये रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला 'व्हाली' म्हटलं, लाडकी, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तेव्हापासून जाळ्यात व्हाली सापडली की इथले टंडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात. जाळ्याची भरपाई मिळते, तरी भर समुद्रात आपल्याच जाळ्याला सुरी लावायची म्हणजे सोपी गोष्ट नाही.

सगळं हिरवं पीक मात्र कामाचं नसतं. गेल्या वीसेक वर्षांत फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचे हिरवेगार तवंग दिसू लागलेत. रात्री हेच पाणी लाट फुटताना निळसर चमकतं, लोक व्हिडिओ काढतात, आणि दिसतंही सुंदर. पण त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे पाणचट प्राणी, त्यामुळे ते पीक आपल्या ताटातल्या माशापर्यंत फारसं पोचत नाही. किनाऱ्याला पाणी हिरवं, दाट आणि वासाचं दिसलं तर मी त्या दिवशी गळ काढतच नाही, सरळ वणाकबाऱ्याला जाऊन बोटी बघत बसतो.

वणाकबारा हे बेटाच्या पश्चिम टोकाचं मच्छीमार गाव. तिथल्या मोठ्या बोटी आता तिथीपेक्षा फोनवर जास्त विसंबतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाने समुद्राचं तापमान आणि पाण्याचा रंग बघते, गार आणि कोमट पाणी जिथे भेटतं व हिरवटपणा जिथे आहे त्या रेघा काढते, आणि मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते गुजराती-मराठीत कळवते. किल्ल्याच्या तटावरून मला दिसणारी फेसाची रेघ आणि उपग्रहाला दिसणारी रेघ, जात एकच. एक चार हातांची, दुसरी कित्येक किलोमीटरची.

थोडं पूर्वेला, जाफराबादकडे, अजून पाण्याच्या जोरावरच चालणारी मासेमारी बघायला मिळते. डोल जाळं म्हणजे मोठं नरसाळ्यासारखं पोतं, तळाला खिळवून ठेवलेलं. त्याच्या मागे होडी धावत नाही. पाणीच धावतं आणि बोंबील त्यात लोटले जातात. पाणी उभं राहिलं की जाळं उचलायचं. गंमत बघा, माझ्या गळाची जी मेलेली वेळ, तीच त्यांची कामाची. बोंबलाला गुजरातीत बुमला म्हणतात. आपल्या देशात तो मुख्यतः दोनच ठिकाणी भरपूर, इकडे गुजरात-महाराष्ट्राचा वरचा किनारा आणि तिकडे बंगाल. मधल्या किनाऱ्याला जवळजवळ नाहीच. फाल्गुनातली कोरडी हवा बोंबील वाळवायला उत्तम, बांबूंवर जोड्यांनी लटकलेले बोंबील वाऱ्यावर हलताना दिसतात. वास डिकीत ठेवून बडोद्यापर्यंत आणायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न.

गळाचं सामान लिहीत बसत नाही, दुकानदार हवं त्याहून जास्त विकतोच. आमिषाला ताजी कोळंबी किंवा माकुलाची पट्टी. घोळ २०२३ साली गुजरातचा राज्यमासा झाला, पण तो किनाऱ्यावरून लागेल अशी आशा धरू नका. ढोमी, वाम, नशीब असेल तर हेकरू किंवा रावस. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, तो धारेच्या उलट असेल तर पाणी खवळतं. तेव्हा खडकांवर थांबू नये. चढतं पाणी पुढून नाही, मागच्या सखल खडकांवरून वाट कापतं.

आणि शिंगाळा. हा सगळ्यात हमखास लागणारा मासा, मिशीवाला, बावळट तोंडाचा. पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे, करवतीसारखे आणि विषारी. तो गळावरून काढताना फडक्याने धरायचा असतो, हे मला माहीत होतं. मागच्या फाल्गुनात घाईत नुसत्या हाताने धरला. अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागला की डोळ्यांपुढे काजवे. यावर पहिला उपाय गरम पाणी, सोसेल इतकं गरम, कारण या विषाचा ठणका उष्णतेने ओसरतो. नंतर डॉक्टरला दाखवायचंच. खाडीच्या काठावरच्या चहावाल्याने काही न विचारता पातेलं पुढे केलं, त्याला ही गिऱ्हाइकं सवयीची असावीत. त्या दिवशी पंचमी होती, ओहोटीचा दुसरा तास, खाडीच्या मुखाशी बोयी पाण्याबाहेर उड्या मारत होत्या, आणि माझा उजवा हात तासभर चहाच्या पातेल्यात होता.